सांडपाणी प्रक्रियेचे नियोजन करताना आधी चालवण्याचा खर्च मांडावा

उत्पन्न बेताचे असलेल्या विकसनशील देशांतील शहरांनी सांडपाणी प्रक्रियेचे नियोजन कसे करावे आणि निधी कुठून उभारावा, असे आपण विचारले आहे. मी नवी मुंबईतील ऐरोलीत राहतो आणि मलनिस्सारण योजनांची अंदाजपत्रके तयार करण्यात माझी बरीच नोकरी गेली. त्यावरून माझे ठाम मत असे आहे की, केंद्र बांधण्यासाठी पैसा मिळतो, ते पुढची पंधरा-वीस वर्षे चालवण्यासाठी मिळत नाही. म्हणून हिशेब या दुसऱ्या खर्चापासून सुरू करावा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि उभारलेली प्रक्रिया क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती, पण प्रत्यक्ष प्रक्रिया केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर होत होती. बांधलेल्या क्षमतेचा एक तृतीयांशाहून मोठा भाग वापरातच नव्हता, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. केंद्र तयार होते, पण घरांच्या जोडण्या झालेल्या नसतात, पंपहाउसचे वीजबिल थकते, किंवा हवा पुरवणारे ब्लोअर दुरुस्तीअभावी बंद पडतात.

क्षमतेचा अंदाज अवघड नाही. दरडोई रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले, तर दोन लाख वस्तीला रोज सुमारे २१.६ दशलक्ष लिटर प्रक्रिया क्षमता लागते. मात्र तीस वर्षांनंतरची लोकसंख्या गृहीत धरून सगळे एकदम बांधू नये. टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि वाहिन्यांचे जाळे व घरजोडण्यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. जिथे जमीन स्वस्त आहे तिथे जवळजवळ विजेशिवाय चालणारी स्थिरीकरण तळी, म्हणजे सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणारी उथळ तळी, उत्तम. नवी मुंबईत तेवढी जमीन परवडणारी नव्हती, म्हणून येथे कमी जागेत बसणारे, पण विजेवर अवलंबून असलेले तंत्र निवडले गेले.

निधीबाबत बोलायचे, तर शहरी सुविधांसाठीच्या जवाहरलाल नेहरू अभियानात ४० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरांसाठी केंद्र सरकार ३५, राज्य सरकार १५ आणि स्थानिक संस्था ५० टक्के असे प्रमाण होते. गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले. पण रोखे तेच शहर काढू शकते, ज्याची करवसुली आणि हिशेब चोख आहेत. गंगा शुद्धीकरणाच्या राष्ट्रीय अभियानातील पद्धत मला अधिक अनुकरणीय वाटते. तीत ठेकेदाराला बांधकामकाळात ४० टक्के रक्कम मिळते आणि उरलेली ६० टक्के पंधरा वर्षांत, प्रक्रिया केंद्राच्या कामगिरीनुसार मिळते, त्यामुळे ते केंद्र चालू ठेवण्यातच त्याचे हित असते.

खर्च भरून काढण्याचा दुसरा मार्ग म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्याला ग्राहक शोधणे. नागपूरच्या भांडेवाडी केंद्राचे पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. आमच्याकडे कोपरखैरणे व ऐरोलीत केंद्र सरकारच्या अमृत या शहरी अभियानातून रोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटरची तृतीय स्तरावरील, म्हणजे नेहमीच्या प्रक्रियेनंतर पाणी आणखी शुद्ध करणारी, प्रक्रिया केंद्रे झाली, ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योगांना पाणी पुरवण्यासाठी. ग्राहकाशी करार मात्र बांधकामापूर्वी व्हायला हवा, कारण उद्योगाला लागणारी गुणवत्ता कळल्याशिवाय प्रक्रियेचा कोणता स्तर उभारायचा हे ठरवता येत नाही.

लहान गावांनी भुयारी गटाराचा आग्रह धरू नये. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी सेप्टिक टाक्यांचा ठरावीक वेळापत्रकाने उपसा आणि त्या गाळावर प्रक्रिया हा मार्ग स्वीकारला आहे. आपले गाव तेवढ्या आकाराचे असेल, तर मोठ्या केंद्राचा प्रस्ताव लिहिण्याआधी या दोन ठिकाणचा वार्षिक खर्च आणि त्यासाठीची करआकारणी जरूर समजून घ्यावी.