मास्कमध्ये पाणी शिरलं तर?

"मला पाण्याची भीती वाटते. स्कूबाचा (सिलिंडरमधल्या हवेवर पाण्याखाली उतरण्याचा) कोर्स करण्याआधी ही भीती पूर्ण जायला हवी का?" हिवाळ्यातल्या सहली ठरू लागल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे असतात. बरोबरची मंडळी उत्साहात असतात आणि आपल्या एकट्यापायी सगळ्यांचा हिरमोड होईल, ही धास्ती यांच्या मनात असते. माझं उत्तर आहे, नाही. भीती जायची वाट बघत बसू नका. पण सुट्टीवर गेल्यावर, बोटीच्या कडेला बसून तिच्याशी पहिली झटापटही करू नका. असं का म्हणते, ते एका बाईंच्या अनुभवातून सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा, दोघांनी अंदमानात स्वराज द्वीपला (म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला) जाऊन ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स करायचं ठरवलं होतं. आगाऊ पैसे तिघांचे भरले गेले. बाईंच्या मनात मात्र मालवणचा जुना प्रसंग रुतून बसला होता. नवशिक्यांना इन्स्ट्रक्टर हाताला धरून थोडंसं खाली नेतात, तशा फेरीला त्या उतरल्या होत्या आणि घाबरून लगेच वर आल्या होत्या. "मॅडम, मला समुद्रच झेपत नाही," हे पहिल्या भेटीत त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मी त्यांना तो प्रसंग सावकाश, क्षणाक्षणाने सांगायला लावला. उतरताना भीती होती? थोडी. खाली गेल्यावर? मासे दिसले, बरं वाटलं. मग? मास्कच्या खालच्या कडेने पाणी आत आलं, नाकाशी पोचलं, सवयीने नाकाने श्वास ओढला गेला, ठसका लागला आणि हात मास्क उपटायला गेला. समुद्र तर त्यांना आवडलाच होता! नाक पाण्यात असताना तोंडाने श्वास घेत राहायचं, एवढंच शरीराला ठाऊक नव्हतं. ते कुणी शिकवलंही नव्हतं, कारण अशा फेरीआधी तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

मग घरीच सुरुवात केली. मोठ्या घमेल्यात कोमट पाणी, तोंडात स्नॉर्केल (श्वासाची नळी), डोळ्यांवर मास्क नाही. चेहरा नाकासकट पाण्यात बुडवायचा आणि तोंडाने श्वास चालू ठेवायचा. मुलाने शेजारी उभं राहायचं, पण बोलायचं नाही. सुरुवातीला दोन श्वासांतच त्यांची मान वर येई. मी लक्ष द्यायला सांगितलं ते श्वास सोडण्याकडे. घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. घाबरलेला माणूस भराभर आणि वरवरचा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि सिलिंडर भरलेला असूनही हवा पुरत नाहीये असं वाटतं. श्वास लांब सोडला की ते चक्र सैल होतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण आपल्याकडे प्राणायाम करणारे पुष्कळ आहेत आणि या बाईही रोज करत. स्कूबाच्या सिलिंडरवर कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, करायचं नाही, कधीच नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा रोखून वर आलात तर ती दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुसाला इजा होते. श्वास चालू ठेवणं हा या खेळाचा पहिला नियम आहे.

दुसरी अडचण अर्जाची. कोर्सआधी आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते. तीत दमा, हृदय, कान यांच्याबरोबर पॅनिक अटॅकबद्दलही विचारलेलं असतं. बाईंना काही वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये असा झटका येऊन गेला होता. "तिथे 'नाही' लिहिलं तर कुणाला कळणार?" त्यांनी हळूच विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, खरं लिहा. 'हो' लिहिल्याने दार बंद होत नाही, डॉक्टरांचा लेखी होकार लागतो. तो मी देऊ शकत नाही, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. शिवाय इन्स्ट्रक्टरला आधीच माहीत असेल तर तो खाली तुमच्या डोळ्यांकडे जास्त लक्ष ठेवतो.

मी त्यांच्या यजमानांनाही बोलावलं. माणूस प्रेमळ, पण प्रत्येक वेळी "काही नाही होत गं" म्हणायचा. त्या शब्दांनी बाईंना भीती बोलूनही दाखवता येत नव्हती. पोहण्याच्या तलावावर सरावाला तुम्ही यायचं नाही आणि व्हिडिओ काढायचा नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

कोर्सचे भाग सुटे करता येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अभ्यास घरी ऑनलाइन, तलावातले धडे आपल्या शहरात, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह सहलीच्या ठिकाणी. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्समध्ये इथला इन्स्ट्रक्टर एवढे भाग झाल्याचा कागद देतो आणि तो वर्षभर चालतो. बाईंनी पुण्यातल्या तलावात हेच केलं. छातीभर पाण्यात गुडघ्यांवर बसून मास्क आधी अर्धा भरायचा, मग पूर्ण. वरची कड बोटांनी दाबून, मान थोडी वर करून नाकाने श्वास सोडायचा, की पाणी खालून निघून जातं. एके दिवशी जमलं नाही, त्या काठावर येऊन रडल्या. इन्स्ट्रक्टरने तो धडा तिथेच थांबवला. पुढच्या वेळी जमलं. न थांबता दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं हेही व्हावं लागतं. वेळेचं बंधन नसल्याने त्यांनी ते आरामात पुरं केलं.

अंदमानात पहिल्या तीन डाइव्ह झाल्या. चौथीच्या दिवशी सर्दीमुळे कान मोकळे होईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच हाताने 'अडचण आहे' अशी खूण केली, मग अंगठा वर केला आणि इन्स्ट्रक्टरबरोबर सावकाश वर आल्या. पाण्याखाली त्या अंगठ्याचा अर्थ 'वर जाऊया'. नवरा-मुलाला कोर्स पूर्ण झाल्याचं कार्ड मिळालं, यांना नाही. मला फोन आला तेव्हा आवाजात खंत होती, पण "मला जमत नाही" हे वाक्य नव्हतं. राहिलेली डाइव्ह त्यांनी पुढच्या मोसमात तारकर्लीला केली. आता त्यांना अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं.

तुमच्या सहलीला दोन-तीन महिने असतील तर आजच तलाव शोधा, आणि समुद्रातल्या डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला ठेवा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जाऊ द्यावे लागतात. हल्ली वारंवार झटके येत असतील तर आधी उपचार, मग कोर्स. आणि हातात आठच दिवस असतील, तर यंदा पाण्यावर तरंगत स्नॉर्केलिंग करा. कोर्स पुढच्या वर्षीही आहेच.