वॉकर कापडावर चालायचे

हडर्सफील्ड, यॉर्कशर, इंग्लंड
शुक्रवार, पहाटे

प्रिय सई,

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी रात्री ड्यूटीला निघताना वाचली. घडी करून खिशात टाकली आणि आता चहाच्या सुट्टीत समोर ठेवून लिहायला बसलोय. तू लिहिलंयस: "बाबा, वर्गातला वॉकर म्हणतो, त्याच्या आडनावाचा अर्थ कापड तुडवणारा. बाईंनी सगळ्यांना घरी विचारून यायला सांगितलंय. आपल्या सणगरचा अर्थ काय? आणि गणपतीत त्या काकांनी तुला आडनाव विचारलं तेव्हा तू गप्प का झालास? मराठी माणसं आधी आडनावच का विचारतात?"

शेवटच्या प्रश्नाचं घोंगडं माझ्याकडे बरीच वर्षं भिजत पडलंय. म्हणून आधी वॉकरचं सांगतो. त्यातूनच आपल्यापर्यंत येता येईल.

तुझा मित्र म्हणतो ते अगदी खरं आहे. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड लगेच अंगावर घालण्याजोगं नसतं. ते विरविरीत असतं, त्यात मेंढीच्या अंगचं तेल असतं, हात लावला तर चिकट लागतं. मग ते मोठ्या कुंडात भिजवायचं आणि पायांनी तासन् तास तुडवायचं. गेल्या हिवाळ्यात आईचा स्वेटर चुकून गरम पाण्याच्या धुण्यात गेला आणि तुझ्या बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आला, आठवतं? लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडे ती चूक झाली, पण इथल्या माणसांनी शेकडो वर्षं तेच मुद्दाम केलं. तुडवलेलं कापड आटतं, जाड होतं, उभे-आडवे धागे दिसेनासे होतात आणि मग त्यातून वाराही जात नाही. इथल्या डोंगरातला वारा तुला माहीत आहे. असं कापड नसतं तर इथे माणसं राहिली कशी असती, असं मला बसस्टॉपवर उभं असताना नेहमी वाटतं.

कुंडात नुसतं पाणी नसायचं. तेल निघावं म्हणून साठवून आंबवलेलं मूत घालायचे, कारण त्यात अमोनिया असतो. यॉर्कशरमध्ये ते घरोघरून गोळा केलं जायचं. हे तू वर्गात सांगशीलच, माझी हरकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तेल शोषून घेणारी एक चिकणमाती. आईच्या कपाटात मुलतानी मातीचं पाकीट आहे ना, उन्हाळ्यात चेहऱ्याला लावते ते? त्याच जातीच्या मातीला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात. फुलर म्हणजेही हाच कापड तुडवणारा. आजी सोलापुरात जी माती लावायची, तिचं इंग्रजी नाव या कारागिरांवरून पडलंय, हे मला इथे आल्यावर कळलं. त्या दिवशी मी आजीला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

आता नावाचं. जुन्या इंग्रजीत 'वॉक' या क्रियापदाचा मूळ अर्थ घोळणं, लोळवणं असा होता. पायी चालणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला. वॉकर हे आडनाव त्या जुन्या अर्थाचं आहे, फिरायला जाणाऱ्याचं नाही. गंमत अशी की एकाच कामाला इंग्लंडात तीन दिशांना तीन नावं होती. उत्तरेला आणि मध्य भागात वॉकर, आग्नेयेला केंट, ससेक्स, सफोक या बाजूला फुलर आणि नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेटमध्ये टकर. वेल्समध्ये त्यालाच पन्नुर म्हणायचे. आपल्याकडे सांगली-सोलापूरकडची भाषा वेगळी आणि नागपूरची वेगळी, तसंच. १८८१ च्या जनगणनेतली घरं नकाशावर मांडली तर यॉर्कशर आणि लँकेशर वॉकरांनी भरलेले दिसतात आणि टकर डेव्हनच्या आसपास. तोवर आगगाड्या येऊन पन्नासेक वर्षं झाली होती, तरी माणसांची नावं आपापल्या मुलखातच होती.

फ्रान्सकडून नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंड जिंकायला आले तेव्हा इथल्या साध्या माणसाला आडनाव नव्हतं. एका गावात चार जॉन असले की मग लोहार जॉन, गिरणीवाला जॉन, कापड तुडवणारा जॉन. मुलाने दुसरं काम धरलं की त्याचं नावही बदलायचं. हळूहळू, साधारण १४०० च्या सुमाराला, बहुतेक ठिकाणी ती नावं बापाकडून मुलाकडे जाऊन पक्की झाली. दक्षिणेत आधी आणि आपल्या या उत्तरेत जरा उशिरा. आपण राहतो त्या वेस्ट रायडिंगची १३७९ ची डोईपट्टीची यादी आजही आहे. तिच्यात पुष्कळ माणसांच्या नावापुढे त्यांचा धंदाही लिहिलाय. कुठे नाव आणि धंदा एकच आहे, तर कुठे नाव एक आणि धंदा भलताच. नावं पक्की होतानाच्या काळातलीच ती यादी आहे.

तोवर तुडवण्याचं काम पायांकडून यंत्राकडे जायला लागलं होतं. पाणचक्कीवर लाकडाचे मोठे हातोडे बसवायचे, ते आळीपाळीने कापडावर आपटत राहायचे. ११८५ साली टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाने आपल्या मालमत्तेची मोजणी केली, तिच्यात लीड्सजवळच्या न्यूसमच्या अशा गिरणीची नोंद आहे. आपण ज्या टेंपल न्यूसमच्या बागेत डबा घेऊन जातो, तेच ते न्यूसम. या चक्क्यांना उतारावरून धावणारं पाणी लागतं, आणि ते आपल्या या डोंगरांत भरपूर. कापडाचा धंदा इथे वाढला त्यातलं हे एक मोठं कारण. हातोडे आले, पाय थांबले, तरी नाव वॉकरच राहिलं. धुतलेलं कापड पुन्हा आटू नये म्हणून ते टेंटर नावाच्या लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवायचे. जीव टांगणीला लागला की इंग्रज म्हणतात, मी त्या टेंटरच्या आकड्यांवर आहे. आपलं घोंगडं भिजत पडतं आणि यांचं ताणलं जातं. दोन्ही म्हणी ओल्या लोकरीतून आल्यात.

स्कॉटलंडच्या बेटांवर तर बायका मोठ्या टेबलाभोवती बसून ओलं कापड तालावर आपटायच्या आणि गाणी म्हणायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. तिथे या कामाला 'वॉकिंग' म्हणतात, लिहितात जरा वेगळं. आणि तुझ्यासाठी आणखी एक: वेबस्टर म्हणजे विणकर, पण त्यातलं 'स्टर' हे जुन्या इंग्रजीत बाईसाठी लागायचं. म्हणजे ते आडनाव मुळात विणकरणीचं.

तू डब्यात नेतेस त्या चिप्सच्या पाकिटावरही वॉकर आहे. तो हेन्री वॉकर लेस्टरचा खाटीक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मांसावर रेशन होतं, विकायला माल पुरेना, म्हणून १९४८ मध्ये त्या दुकानाने बटाट्याच्या चकत्या तळायला घेतल्या. नाव कापड तुडवणाऱ्याचं, दुकान खाटकाचं आणि माल बटाट्याचा. कुणी त्याला विचारलं नाही की तू वॉकर, तुझं इथे काय काम. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

हेच नाव जहाजांतून अमेरिकेत गेलं. तिथल्या २०१० च्या जनगणनेत ५,२३,१२९ वॉकर होते आणि आडनावांच्या क्रमात ते अठ्ठाविसावं होतं. त्यातले साधारण एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय. त्यांच्या पूर्वजांनी यॉर्कशर पाहिलेलंही नसेल. गुलामीच्या काळात आणि त्यानंतर मालकांची, आजूबाजूच्यांची नावं कुटुंबांना लागली, काहींनी ती स्वतः निवडली. रिचमंडच्या मॅगी वॉकर या बाईंनी १९०३ मध्ये बँक काढली. बँक काढून तिच्या अध्यक्ष झालेल्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांची आई आधी गुलामीत होती. आडनाव सारखं असलं म्हणजे रक्त एक असतंच असं नाही, हे मला त्या नावावरून फार नीट समजलं.

आता आपलं. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे. धनगर मेंढ्या राखतात, लोकर कातरतात, त्यांच्या घरच्या बायका सूत काढतात आणि सणगर ते विणतात. म्हणजे तू आणि तुझा मित्र, दोघंही लोकरीच्याच घरचे. फक्त त्याच्या घरच्यांचं काम माग थांबल्यावर सुरू व्हायचं आणि आपल्या घरच्यांचं त्याच्या आधी.

माझ्या आजोबांचा माग सांगोल्याकडे, ओसरीत होता. खड्डा माग म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाने दाबायच्या पावड्या पायाशी आणि माग छातीशी. विणण्याच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावायची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून ती खळ शिजवायची. आजी शिजवायला बसली की सगळ्या गल्लीत वास जायचा. मग अंगणात ताणा ताणून आजोबा कुंच्याने ती लावत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि पुन्हा मागे यायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. बरोबर चालायचो. एखादा दोरा तुटला की ते थांबायचे, दोन टोकं अंगठ्याखाली घेऊन वळायचे आणि न बघता पुढे निघायचे. गाठ कुठे पडली ते मला कधीच सापडलं नाही.

आडनाव मात्र त्यांनी स्वतः लावलेलं नाही. माझ्या पणजोबांना गावात घोंगडीवाले म्हणायचे. आजोबा शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी जात विचारली आणि तीच आडनावाच्या जागी लिहिली. अशी नावं आपल्याकडे पुष्कळ आहेत, सुतार, लोहार, कुंभार, साळी. कुणाची हुद्द्यावरून आली, कुलकर्णी, चिटणीस, पोतदार. कुणी गावाच्या नावाला 'कर' जोडलं. पुण्यातले ज्यांचा गणपती प्रसिद्ध आहे ते भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे, रंगारी हे घरच्या धंद्यावरून लोकांनी म्हटलेलं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, शाळेत नाव घातलं ते आंबडवे गावावरून, आंबडवेकर.

म्हणजे नावं पडायची रीत इथे आणि तिथे जवळजवळ सारखी. फरक पुढे पडला. इथे वॉकरचा मुलगा खाटीक झाला, त्याची मुलगी बेकरच्या घरी गेली, आणि दोन-चार पिढ्यांत नावातला धंदा विरून गेला. आपल्याकडे धंदा सुटला तरी लग्नं जातीतच होत राहिली. कुणाच्या घरी कुणी पाणी प्यायचं हेही जातीवर ठरायचं. माझे वडील तलाठी कचेरीत कारकून, मी इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, पण नाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अजून घोंगडी येते.

मराठी माणूस "कुठले तुम्ही? आडनाव काय?" असं विचारतो त्यात खरा जिव्हाळाही असतो. परक्या देशात कुणी सांगोल्याचा निघाला तर माझाही आवाज चढतो, त्याचा मामा माझ्या शाळेत होता का हे मी दोन मिनिटांत काढून घेतो. तेव्हा विचारणारा धागा शोधत असतो. पण पुष्कळदा तो कप्पा शोधत असतो. ते काका म्हणाले, "सणगर? म्हणजे घोंगडीवालेच ना?" आणि लगेच दुसऱ्याशी बोलायला लागले. त्यांना पुढे काही विचारायचंच नव्हतं. मी गप्प झालो. वाईट वाटलं नाही असं तुला सांगितलं तर ते खोटं होईल. पण जास्त राग माझा मलाच आला. हो म्हणून मला चिंचोक्याची खळ सांगता आली असती, आजोबांचा अंगठा सांगता आला असता, मुसळधार पावसात डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन उभ्या असलेल्या मेंढपाळाच्या आत थेंब कसा जात नाही ते सांगता आलं असतं. मी नुसता हसलो आणि आरतीचं ताट उचललं.

बाईंना तू हे सगळं सांग, जातीचंही सांग. शब्द अडले तर मी इंग्रजीत लिहून देईन. आणि तू स्वतः कुणाला विचारशील तेव्हा आधी नाव विचार आणि गाव विचार. आडनाव त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

माळ्यावरच्या पेटीत निळ्या चादरीखाली आजोबांनी विणलेलं घोंगडं आहे. आईला सांगून काढून घे आणि ऊन असलं तर गॅलरीत टाक. टोचेल, ते तसंच असतं. रविवारी आपण लीड्सला आर्मलीच्या जुन्या गिरणीत जाऊ. तिथे कापड कुटायचे ते लाकडी हातोडे ठेवलेले आहेत. घोंगडं बरोबर घेऊ, मला ते त्या हातोड्यांजवळ धरून बघायचंय. वॉकरला यायचं असेल तर त्याच्या आईचा नंबर दे, मी उठल्यावर फोन करतो.

तुझा,
बाबा