कंडिशनमधला कॉमा म्हणजे ‘आणि’ नव्हे

भाऊ, सी भाषेतल्या प्रोग्रॅममधला तुझा लूप (तेच काम परत परत करणारा भाग) ५ ऐवजी १० वेळा फिरतोय, यात कंपायलरचा काही दोष नाही. रावेरच्या केळीच्या ५ घडांची वजनं अ‍ॅरेत ठेवलीस (म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या घरांत) आणि फॉर लूपमध्ये अट लिहिलीस: आय < ५, जे > ०. आय ० पासून दर फेरीला एकाने चढतो, जे १० पासून सुरू होऊन दर फेरीला एकाने उतरतो. कॉमा आधी डावीकडचं आय < ५ तपासतो, ते उत्तर टाकून देतो आणि उजवीकडच्या जे > ० चं उत्तर अख्ख्या अटीचं म्हणून धरतो. त्यामुळे आय थेट ९ पर्यंत जातो. अ‍ॅरेचा शेवटचा इंडेक्स (घराचा क्रमांक, ० पासून मोजलेला) ४, म्हणजे पुढचा सगळा नांगर दुसऱ्याच्या वावरात! कधी भलतेच आकडे छापले जातील, कधी प्रोग्रॅम कोसळेल. कधी काहीच बिघडलेलं दिसणार नाही, ते सगळ्यात वाईट. दोन्ही अटी हव्यात तर ‘आणि’ अर्थाचं && लाव.

आय++, जे-- मध्ये कॉमा खुशाल वापर. फंक्शनला व्हॅल्यू देताना येतो तो मात्र ऑपरेटर नाही, नुसता विभाजक.

कॉमाचं प्राधान्य = च्याही खाली. क्ष = ३, ७; लिहिलंस तर क्षमध्ये ३ जातो, क्ष = (३, ७); लिहिलंस तर ७.

व्हाइल (स्कॅनएफ(...), वजन != ०) सुटसुटीत दिसतं; स्कॅनएफ म्हणजे टाइप केलेला आकडा वाचणारं फंक्शन. पण आकड्याऐवजी अक्षर आलं की वजन जुनंच राहतं आणि लूप थांबतच नाही. म्हणून स्कॅनएफ(...) == १ && वजन != ० असं लिही. जीसीसी या सीच्या कंपायलरला -वॉल (-Wall) हा वॉर्निंग दाखवायचा पर्याय दे. तुझ्या त्या फॉरवर लगेच वॉर्निंग येईल.