मामांचं पिस्तूल घेताय? आधी कागद

किंमत नंतर बोला. तुमच्या परवान्यावर पिस्तुलाची मंजुरी नसेल, तर मामांनी फुकट दिलं तरी घेऊ नका. विकण्याआधी मामांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, मग किमान 45 दिवस थांबायचं.

खासगी आयात 1980च्या दशकातच बंद झाल्याने जुन्या परदेशी पिस्तुलांना भाव चढलाय. नावावर भुलू नका. मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढा, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) रिकामं असल्याची खात्री करा, मगच नळीतून उजेडाकडे बघा: आतले आटे (नळीतल्या पिळदार खाचा) धारदार हवेत, गंजाचे खड्डे नकोत. पिस्तुलावरचा नंबर मामांच्या परवान्याशी जुळवा. नात्याच्या संकोचापायी मी नळी न बघताच पैसे मोजले होते, ते अजून सलतं. किंमत परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच काढून घ्या. मामांनाही तेच बरं वाटेल.