वाचकांची विचारणा : ठिणगी दगडाची की पोलादाची?

मराठे व इंग्रज यांच्यातील असईच्या लढाईवरील मागील अंकातील लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे लढाईपेक्षा तिच्यातील बंदुकांविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : असईचे रणांगण आमच्या गावापासून जवळ आहे. इकडचे जुने लोक इंग्रजांच्या हाती 'रायफली' होत्या असे सांगतात. आपल्या लेखात मात्र सर्वत्र 'बंदुका' असे आहे. दोन्हींत फरक आहे काय?
— एक वाचक, भोकरदन

उत्तर : फरक आहे, परंतु तो नळीच्या आत असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा कळत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला दोन्ही बाजूंच्या कवायती पायदळाकडे प्रामुख्याने चकमकीची (दगड पोलादावर आपटून उडणाऱ्या ठिणगीने दारू पेटवणारी), आतून गुळगुळीत नळीची बंदूक होती. इंग्रज शिपाई आपल्या बंदुकीला 'ब्राउन बेस' म्हणत. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच असे आणि गोळी त्याहून मुद्दाम लहान ठेवलेली असे, म्हणजे ती गजाने झटपट ठासता येई. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. मात्र शंभर पावलांपलीकडील एकट्या माणसावर नेम धरणे हा जवळजवळ जुगारच होता. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. तिची गोळी तेलकट कापडाच्या किंवा कातड्याच्या चकतीत धरून घट्ट ठासतात. ती खाचांमुळे स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. लंडनचा कारागीर इझिकिएल बेकर याची रायफल इंग्रज सैन्याने १८०० साली स्वीकारली. तिची नळी सुमारे ३० इंचांची, व्यास ०.६२५ इंच, आत सात खाचा आणि सबंध लांबीत पीळ केवळ पाव वेढ्याचा. ती भरण्यास वेळ लागे, त्यामुळे ती निवडक तुकड्यांनाच मिळे. असईच्या संदर्भात 'बंदूक' हाच शब्द आम्हांला योग्य वाटतो.

प्रश्न : मी कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर आहे. लेथ आणि आजची यंत्रे नसताना नळीत अशा नेमक्या पिळाच्या खाचा हाताने कशा पाडत असत? इंग्रजी पद्धतीच्या रायफलीची कारागिरी एवढी नावाजलेली का आहे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या हाताला कानस ठाऊक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नळी मुळात लोखंडाची लांब चपटी पट्टी असे. ती भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची, गजाभोवती वळवायची आणि कडा एकमेकींवर ठोकून, एका वेळी काही इंचच, जोडत जायचे. नंतर वाढत्या व्यासाच्या बरम्यांनी आतील भोक मोठे करीत न्यायचे. नळी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यातून ताणलेला दोरा ओवून उजेडाकडे धरीत आणि दोरा व आतील भिंत यांतील फट डोळ्याने जोखून, जेथे बाक दिसेल तेथे हातोडीने ठोकीत.

खाचांची युक्ती मात्र पाहण्यासारखी आहे. एका जाड लाकडी दंडगोलावर आधीच पीळ कोरलेला असतो आणि तो दंडगोल एका स्थिर, दातेरी पट्टीतून सरकतो. त्यामुळे पुढेमागे ओढताना तो आपोआप तेवढाच वळतो. त्याच्या टोकाला जोडलेल्या दांड्यात करवतीसारखे छोटे पाते बसवलेले असते. प्रत्येक फेरीत केसाएवढेच लोखंड निघते. सर्व खाचा एकदा फिरून झाल्या की पात्याखाली कागदाचा एक कपटा सरकवायचा आणि पुन्हा पहिल्या खाचेपासून सुरुवात करायची. खोली मोजण्याचे साधन म्हणजे कागदाचे कपटे! सूक्ष्ममापकावर आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांना याचे हसू येईल, पण पद्धत बिनचूक आहे. अमेरिकेतील व्हर्जिनियामध्ये विल्यम्सबर्ग येथील जुन्या वसाहतीच्या कार्यशाळेत विसाव्या शतकातही कारागिरांनी याच रीतीने सबंध रायफल हाताने घडवून दाखवली आहे.

इंग्रजी रायफलीचे नाव मात्र केवळ नळीमुळे झालेले नाही. अमेरिकेतील लांब रायफलीवर पितळी झाकणे आणि कोरीव वेलबुट्टी असते. अठराव्या शतकाच्या अखेरची उत्तम इंग्रजी रायफल तिच्यापुढे साधी, किंबहुना कंजूष दिसते. अक्रोडाचा दस्ता, म्हणजे नळी जिच्यात बसते ती लाकडी बैठक, बहुधा अर्धाच, म्हणजे नळीच्या निम्म्या लांबीपर्यंतचा. मुठीवर हात घसरू नये म्हणून बारीक चौकटींची जाळी. आणि नळी आडव्या पाचरीने अडकवलेली, जेणेकरून सफाईसाठी ती क्षणात सुटावी. सारे कष्ट आत गेलेले असतात. घोडा (चकमकीचा दगड धरून आपटणारा भाग), कमान आणि चापाचा खटका ज्या पोलादी पट्टीवर बसतात तिला लॉक म्हणतात. ते दस्त्यात बसवताना कारागीर धातूला दिव्याची काजळी लावून लाकडात दाबतो, जेथे काळा डाग उमटेल तेवढेच लाकूड पटाशीने खरवडतो आणि हे इतक्या वेळा करतो की शेवटी लाकूड व पोलाद यांच्यामध्ये कागदही शिरू नये. आमच्या मते इंग्रजी कारागिरीची खरी ओळख येथे होते. चांदीचे नक्षीकाम कोणीही विकत घेऊ शकतो.

त्याच काळात बार पेटण्याचा वेग वाढवण्याच्या सुधारणाही झाल्या. रंजक म्हणजे घोड्याखालच्या वाटीत ठेवलेली बारीक दारू. ती पेटल्यावर आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या छिद्रातून, आतील बारापर्यंत, म्हणजे ठासलेल्या दारूपर्यंत, पोचते. हेन्री नॉक याने १७८७ साली नळीच्या बुडाशी एक लहानशी कोठडी करून ही आग थेट बाराच्या मध्यावर नेण्याचे पेटंट घेतले. छिद्र झिजून रुंद होऊ नये म्हणून त्याला सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे अस्तर देऊ लागले.

एक खुलासा केलाच पाहिजे. 'हातची' म्हणजे एकाच माणसाने केलेली नव्हे. जोसेफ मँटनसारख्या नामांकित लंडनच्या कारखानदाराच्या नावाची बंदूक नळी घडवणारा, लॉक घासणारा, दस्ता कोरणारा आणि नळीवर रंग चढवणारा अशा अनेकांच्या हातांतून जात असे. तिच्यावर नाव एकाचेच असे.

प्रश्न : गोदावरीच्या पात्रात सापडणारी गारगोटी किंवा अकीक अशा बंदुकीत चालेल काय? आमच्या आजोबांच्या चकमकीत तीच गारगोटी होती.
— एक वाचक, परभणी

उत्तर : चालेल. अकीक आणि इंग्रजांचा काळा चकमकीचा दगड दोन्ही मूळचे सिलिकाचेच आहेत आणि पोलाद खरवडण्याइतके कठीण आहेत. इंग्रजांचा दगड सफोकमधील ब्रँडन गावचे कारागीर ठोकून त्याच्या धारदार चिपा काढीत. सैन्यालाही तेथूनच पुरवठा होत असे. नदीतील गुळगुळीत गोटा मात्र तसाच उपयोगाचा नाही. त्याला फोडून ताजी धार काढावी लागते.

ठिणगी दगडातून निघते, असा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. दगड फक्त कापतो. उडतात ते पोलादाचे अतिसूक्ष्म कण, आणि हवा लागताच तेच जळतात. म्हणून घोड्यासमोरची, दगड जिच्यावर आपटतो ती पोलादी झडप बरोबर कठीण केलेली असणे हे सर्वांत नाजूक काम आहे. मऊ लोखंडाची झडप जळक्या कातड्याच्या व हाडांच्या कोळशासह डबीत बंद करून तापवतात आणि मग पाण्यात बुडवतात, त्यामुळे कोळशातील कार्बन पृष्ठभागात मुरतो. विळ्याला पाणी देणारा आपला लोहार याच जातीचे काम करतो. झडप मऊ राहिली तर दगड तिच्यात ओरखडे पाडतो, पण ठिणग्या मोजक्याच पडतात. अति कठीण झाली तर दगडच झिजतो आणि झडप कोरी राहते. आजोबांची पोलादी चकमक जपून ठेवा. ती ठिणग्या देत असेल, तर तिचे पाणी चांगले आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यातील माळ्यावर एक जुनी ठासणीची बंदूक सापडली. ती घासून लख्ख करून दिवाणखान्यात लावावी काय?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : आधी परवान्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी; जुनी आहे एवढ्याने ती कायद्याबाहेर जात नाही. बंदूक भरलेलीच आहे असे समजून तिच्याशी वागावे. कितीतरी जुन्या बंदुका शंभर वर्षांपूर्वीच्या बारासह सापडतात, म्हणून घोड्याला किंवा चापाला हात न लावता जाणकारालाच ती तपासू द्यावी. आणि विटेच्या पुडीने घासू तर मुळीच नये. चांगल्या नळीवरील तपकिरी रंग म्हणजे सगळाच निष्काळजीपणाचा गंज नव्हे. कारागीर पातळ द्रावण लावून तो गंज मुद्दाम चढवीत, पुसून काढीत आणि पुन्हा चढवीत असे बरेच दिवस करी. तो रंग एकदा खरवडला गेला की पुन्हा येत नाही.