एम.ए.ची इंग्रजी पुस्तकं आणि अडणारे शब्द

बी.ए.पर्यंत अर्थशास्त्र मराठीतून केलं, आता एम.ए.ची पुस्तकं इंग्रजीत आहेत, एका पानाला तास लागतो आणि ॲपवरून रोज २० शब्द पाठ करूनही महिन्याभरानं काही आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी याच वाटेनं आलोय आणि गेली बरीच वर्षं अशाच मुलामुलींना शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ॲप बंद करा. त्यातले शब्द बहुधा स्पर्धा परीक्षांसाठी, अवघड म्हणूनच निवडलेले असतात. त्यातले बरेचसे तुमच्या पुस्तकात वर्षभरात एकदाही भेटणार नाहीत.

काल अडलेलं पान पुन्हा उघडा आणि न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. वर्गात मी हे दर वर्षी करून घेतो. 'इन्फ्लेशन', 'इलॅस्टिसिटी', 'मार्जिनल युटिलिटी' यांच्याखाली रेघ येत नाही. चलनवाढ, लवचिकता, सीमांत उपयोगिता तुम्हाला पक्की ठाऊक आहे, शिवाय पुस्तक त्यांची व्याख्याही देतं. रेघ येते ती 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट', 'इम्प्लाय', 'व्हेअरॲज' यांच्याखाली. हे शब्द कुठल्याच एका विषयाचे नाहीत, म्हणून कुठल्याच विषयाचे सर ते शिकवत नाहीत. तुमचं अर्थशास्त्र कच्चं नाही. अडतोय तो हा मधला थर.

हा थर मोजूनमापून वेगळा काढलेला आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. कुटुंब म्हणजे 'ॲनलाइज', 'अनॅलिसिस', 'ॲनलिटिकल' हे सगळे मिळून एक. त्या मजकुरात दर दहा शब्दांमागे साधारण एक शब्द या यादीतला निघाला. यादी नेटवर फुकट मिळते. वापर जास्त ते आधी, अशा क्रमानं तिचे दहा भाग केलेले आहेत. पहिल्या भागातले ६० तेवढे आधी धरा.

पण यादीही पाठ करायला बसू नका. ती फक्त खूण करण्यासाठी. वाचताना त्यातला शब्द भेटला की अख्खं वाक्य वहीत उतरवून घ्यायचं. एकट्या शब्दाचा अर्थ लिहिला की काय होतं, बघा. 'ॲग्रिकल्चर अकाउंट्स फॉर हाफ द एम्प्लॉयमेंट.' 'अकाउंट' म्हणजे खातं, एवढंच वहीत असेल तर वाक्य तिथंच थांबतं. इथं अर्थ आहे, निम्मा रोजगार शेतीत आहे. पुढच्याच पानावर 'धिस फॅक्टर अकाउंट्स फॉर द डिक्लाइन' येतं, तिथं अर्थ होतो, या घसरणीचं कारण हेच. वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक असली की फरक डोळ्यांनाच दिसतो. 'सिग्निफिकंट'चंही तसंच. एरवी तो 'महत्त्वाचा', पण आकडेवारीच्या तक्त्याखाली आला तर 'निव्वळ योगायोगानं असा आकडा येण्याची शक्यता कमी' एवढाच त्याचा अर्थ. तो परिणाम मोठा असेलच असं नाही. परीक्षेत इथं फार जणांचे गुण जातात.

आपल्याला एक गोष्ट शाळेपासून येते, ती वापरा. हार या एका शब्दाला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे आपण शिकलोय. या थरातले बरेच शब्द लॅटिनमधून आलेत आणि तिथंही हीच रीत आहे. 'प्रोड्यूस', 'रिड्यूस', 'इंड्यूस', 'डिड्यूस' यांच्या मुळाशी 'नेणं' हा एकच धातू आहे. मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो 'डिराइव्ह'. लॅटिनमध्ये 'रिव्हुस' म्हणजे ओढा, आणि डिराइव्ह म्हणजे ओढ्याचं पाणी वळवून नेणं, आपण पाट काढतो तसं. मजुरांची मागणी ही 'डिराइव्ह्ड डिमांड' असते, म्हणजे मालाच्या मागणीतून पाटासारखी निघालेली. कापडाला गिऱ्हाईक असेल तर गिरणीला कामगार लागतो. वर्गात हे एकदा फळ्यावर काढून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता वाचायचं काय? आपल्या राज्याची 'आर्थिक पाहणी' दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, आणि ती मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्हीकडे असते. प्रकरणं तीच, तक्ते तेच. शेतीचं प्रकरण आधी मराठीत वाचा आणि मग इंग्रजी प्रत शेजारी ठेवा. 'स्थिर किमतींनुसार'च्या जागी 'ॲट कॉन्स्टंट प्रायसेस' दिसेल, 'दरडोई'च्या जागी 'पर कॅपिटा'. मजकूर आधीच कळलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. यापेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. त्याच्या जोडीला रिझर्व्ह बँकेचं पतधोरणाचं निवेदन. ते साधारण दर दोन महिन्यांनी येतं, ठरलेल्या साच्यात असतं आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. मराठी पेपरातली बातमी आधी वाचून मग ते उघडा.

उजळणीशिवाय मात्र हे टिकत नाही. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं, अर्थाची बाजू हातानं झाकून आठवायचं. नुसती नजर फिरवली तर येतंय असं वाटतं, पण पेपरात हात थांबतो. आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य आपल्या विषयावर, आपल्या गावाच्या माहितीवर स्वतः लिहायचं. बरोबर कुठलं अव्यय येतं तेही बघा. 'कन्सिस्ट'नंतर 'ऑफ', 'कंट्रिब्यूट'नंतर 'टू'. रोज पाच शब्द पुरेत, त्याहून जास्त घेऊ नका.

या आठवड्यात पाहणीतलं शेतीचं एकच प्रकरण घ्या. दोन्ही प्रती समोर ठेवूनही जी वाक्यं सुटणार नाहीत ती इथं जशीच्या तशी टाका. रविवारी बसून मी उत्तरं देईन.