तीन लाखांची लेन्स आणि बांधावरची मेंढरं

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला. घरातल्या जुन्या डीएसएलआरवर फोटो काढते आणि तिला कळपांचीच फोटोग्राफी करायचीय: आफ्रिकेतले विल्डबीस्ट, आपल्याकडची काळविटं, गुरं, मेंढरं. नीटचा क्लास सोडते म्हणते. दुकानदाराने तीन लाखांची लेन्स सुचवलीय. सोसायटीचं कर्ज काढून घ्यावी का, असं वडील विचारतात. शेवटी लिहितात, "घरात सगळे याला खूळ म्हणतात. तुम्हीच काय ते सांगा."

दादा, खूळ अजिबात नाही. पण लेन्स घेऊ नका.

त्या लेन्सचे पैसे बहुतेक तिच्या मोठ्या अ‍ॅपर्चरचे, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचे असतात. एफ 2.8 ला एका प्राण्याचा डोळा धारदार येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. वाघाच्या फोटोला ते शोभतं. कळपात मात्र पुढचं जनावर दहा फुटांवर, मागचं पन्नास फुटांवर. शक्य तितकी स्पष्ट हवीत तर छिद्र लहान करत एफ 8, एफ 11 पर्यंत जावं लागतं, आणि तिथे साधी 70-300 लेन्सही चांगलं काम करते. पहाटेच्या अंधुक उजेडात महागडी लेन्स थोडी वरचढ ठरेल, हे खरं. पण ऊन चढल्यावर माळावरची हवा थरथरायला लागली, की लांबचा फोटो कुठल्याही लेन्सने धूसरच येतो. म्हणून या कामात सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास महत्त्वाचे.

आता कळप कुठे? केनियातल्या मसाई माराचं वेड मी समजू शकतो. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट फिरतीवर असतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडतात. पण त्या काठावर जगभरच्या गाड्या ओळीने उभ्या असतात आणि सगळ्यांना जवळपास तोच फोटो मिळतो. तुम्ही कांदा काढल्यावर रानात मेंढरं बसवत असाल, तर तुमच्या मुलीकडे त्या गाडीतल्या कुणाकडेच नसलेली गोष्ट आहे.

तिला मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या फिरत्या मुक्कामावर पाठवा, एकटीला नाही, आईबरोबर किंवा आजीबरोबर. पुरुष मेंढरं घेऊन रानात जातात, मागे बिऱ्हाड बायाच सांभाळतात, त्यामुळे तिला बसायला-बोलायला अडचण येणार नाही. आधी विचारायचं, मग कॅमेरा काढायचा, आणि पुढच्या खेपेला फोटोच्या प्रिंट नेऊन द्यायच्या. दिवसभर मागे ठेवलेली कोकरं संध्याकाळी सोडतात तेव्हा एकच गलका होतो. प्रत्येक मेंढी हुंगून हुंगून आपलंच कोकरू शोधते, दुसऱ्याचं आलं तर ढुशी देते. गुडघ्यावर बसून, मावळतीकडे तोंड करून ती पाच-दहा मिनिटं टिपता आली पाहिजेत. धुरळा सोनेरी दिसतो आणि इथेच कॅमेरा फसतो. काळ्या दख्खनी मेंढ्यांनी चौकट भरली की तो उजेड वाढवतो आणि काळी लोकर राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर उणेकडे ओढायचं, म्हणजे फोटो थोडा गडद घ्यायचा. हे एकदा हाताला बसलं की काळवीट सोपं, कारण नराची पाठही तशीच काळी.

काळविटांसाठी येवला तालुक्यातलं ममदापूर-राजापूर आहेच. वनखात्याला विचारूनच जायचं. काळवीट वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि ड्रोन उडवण्याचा विचारही परवानगीशिवाय करायचा नाही. चरणारा कळप एकदम माना वर करून तुमच्याकडे बघायला लागला, तर तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबायचं. मोटारसायकल मागे लावून हरणं पळवणारे तिला भेटतील, त्यांच्या नादी लागू देऊ नका. पाडसं असतील तेव्हा तर मुळीच नाही.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य तुमच्या दारातच आहे, त्यावर वेगळं काय सांगायचं! उलट इगतपुरी-त्र्यंबककडच्या डांगी गुरांकडे फार कमी लोक वळतात. कातडीतल्या तेलकटपणामुळे ही गुरं मुसळधार पावसातही चरत राहतात. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून जाणाऱ्याला तिथे रान मोकळं आहे.

पोटापाण्याचं सरळ सांगतो. नुसते वन्यजीवांचे फोटो विकून घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे लग्नं करतात, कार्यशाळा घेतात, संस्थांसाठी आणि शेतीमालाच्या कंपन्यांसाठी शूट करतात. म्हणून पदवी हवीच. नीटचा क्लास सुटला तर सुटू दे (मन नसलेल्या पोराला डॉक्टर करण्याचा आग्रह मला कधीच पटलेला नाही), बारावी सायन्स मात्र नीट पूर्ण करू दे. मग नाशिकमध्येच बीएस्सी प्राणिशास्त्र. कळप पाण्याकडे कधी वळणार, नर कुठे जागा धरून उभा राहणार, हे ज्याला आधी कळतं तोच योग्य जागी बसलेला असतो. पुढे अभ्यासाकडे ओढ राहिली तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एमएस्सी, चित्रपटाकडे वळली तर पुण्याच्या एफटीआयआयचा सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम. प्रवेशाला दोन्हीकडे चुरस आहे, पण तो निर्णय आज घ्यायचा नाहीये.

तोवर एका वाड्याचं वर्षभराचं काम करू दे: दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जाणं, पावसाच्या तोंडावर परतणं, मधले मुक्काम, शेतकऱ्याशी ठरलेला मोबदला. त्यातले निवडक वीस फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी मराठीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत मुलांसाठी वेगळे गट असतात. काळविटांचे फोटो जमले की तिथे पाठवता येतील. फक्त मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली फाइल, जपून ठेवायला सांगा.

लेन्ससाठी दुकानदाराकडे आगाऊ पैसे भरले असतील, तर परत मागण्याआधी त्यातच सेकंडहँड 70-300, एक जादा बॅटरी आणि दोन मेमरी कार्डं बसतात का ते विचारून बघा.